जिरॅनिऑल आणि रोशा तेल

जिरॅनिऑल हे अनेक वनस्पतींच्या बाष्पनशील तेलांत (हवेत सहज उडून जाणाऱ्या सुवासिक तेलांत) आढळणारे, गुलाबासारख्या गोड वासाचे अल्कोहॉल आहे. त्याच्या रेणूत कार्बनाचे १०, हायड्रोजनाचे १८ व ऑक्सिजनाचा एक अणू असतो. ते रंगहीन वा फिकट पिवळे, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, अल्कोहॉलात सहज विरघळणारे व पाण्यापेक्षा हलके असून सुमारे २३०° से. ला उकळते. गवती चहा, धने, ओव्याच्या जवळचा पाश्चात्त्य मसाला थाइम यांच्या काही प्रकारांत ते थोड्या प्रमाणात असते. गुलाबाच्या अत्तरात बरेच असते. पण सर्वाधिक, म्हणजे तेलाच्या तीन-चतुर्थांशाहूनही अधिक, ते रोशा गवताच्या तेलात मिळते. नाव मात्र जिरॅनियम या बागेतल्या फुलझाडावरून पडले आहे. रसायनशास्त्रात हे नाव रूढ होण्यामागे खानदेशातील ओढ्याकाठच्या भट्ट्या, मनमाडची रेल्वे, मुंबईचे व्यापारी आणि तुर्की अत्तरबाजारातील एक लबाडी यांची साखळी आहे.

रोशा (लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय, कुल–ग्रॅमिनी) हे दीड ते अडीच मी. उंच वाढणारे बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारे) गवत कोरड्या पानझडी जंगलांत, डोंगरउतारांवर व माळांवर उगवते. संस्कृत वैद्यकीय ग्रंथांतील ‘रोहिष’ या नावाचेच ‘रोशा’ हे मराठी रूप होय. ‘कत्तृण’ हेही त्याचे एक जुने नाव. संधिवातावर चोळण्यासाठी त्याच्या तेलाचा उपयोग महाराष्ट्रात पूर्वापार होत आला आहे. शास्त्रीय नावातील ‘मार्टिनाय’ हा शब्द लखनौ येथे स्थायिक झालेले फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन (१७३५–१८००) यांच्यावरून आला. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात ते सैन्याबरोबर बालाघाटच्या उंच प्रदेशात असताना तेथील गुरे एका तीव्र वासाचे गवत अधाशीपणाने खातात व त्यांच्या मांसाला व दुधालाही तोच वास येतो, असे त्यांना आढळले. त्यांनी बी गोळा करून लखनौस लावले व पुढे कलकत्त्यास विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे पाठविले. रॉक्सबर्ग यांनी या गवताला मार्टिन यांचे नाव दिले. तरीही इतर सुवासिक गवतांशी त्याची गल्लत पुढे शतकभर चालू राहिली. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो स्टाफ यांनी १९०६ साली भारत व श्रीलंका येथील तैलतृणांवर (तेल देणाऱ्या गवतांवर) लिहिलेल्या निबंधाने ती बव्हंशी दूर झाली.

रोशाचे दोन प्रकार व्यापारात फार पूर्वीपासून मानले जातात : मोतिया व सोफिया. मोतियाचा वास नाजूक, गुलाबाकडे झुकणारा, सोफियाचा उग्र. एकोणिसाव्या शतकातील नोंदी करणाऱ्यांची समजूत अशी होती, की एकच गवत कोवळे व निळसर-पांढरे असताना मोतिया आणि पिकून तांबूस झाले म्हणजे सोफिया. आय्. एच्. बर्किल यांनी १९०९ मध्ये हे दोन स्वतंत्र वंश असल्याचे मत मांडले आणि तेच पुढे मान्य झाले. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर वाढते. सोफिया सखल, ओलसर जागी दाट पसरते. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी असते. गवत विकत घेताना जागा पाहून भाव ठरविणाऱ्या भट्टीवाल्याला या वादाचे फारसे काही वाटले नसते.

रोशा तेलाच्या धंद्याचे एक प्रमुख क्षेत्र म्हणजे जुना खानदेश जिल्हा, विशेषतः त्याचा पश्चिम भाग : पिंपळनेर, नंदुरबार, शहादे व तळोदे. हा प्रदेश नाशिकला लागून आहे. किंबहुना १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव व बागलाण हे भाग खानदेशातूनच काढून त्याला जोडण्यात आले. पिंपळनेर हे बागलाणच्या सीमेपलीकडे साक्री तालुक्यात आहे. आज धुळे व नंदुरबार हे दोन्ही जिल्हे नाशिक महसूल विभागातच मोडतात.

या धंद्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन जेम्स कँबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील खानदेशाच्या खंडात (१८८०) आले आहे. त्यानुसार तेल काढणारे बहुतेक मुसलमान होते व गवत कापून आणून देणारे भिल्ल. पावसाळा सरत आला, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, गवत पिकू लागे. भट्टीवाले ते भिल्लांकडून विकत घेऊन त्याच्या गंजी रचीत आणि जेथे जळण व वाहते पाणी दोन्ही विपुल असतील, अशा ओढ्याच्या काठी भट्ट्या उभारीत. सुमारे चार फूट लांब व दोन फूट रुंद खड्डा खणून त्यावर चूल रचली जाई आणि तीवर तांब्याचा वा लोखंडाचा मोठा हंडा बसविला जाई. त्यात थोडे पाणी ओतून कापलेले गवत काठोकाठ भरीत व पुन्हा थोडे पाणी घालीत. तोंडावर धातूची ताटली ठेवून ती कणकेने घट्ट लिंपीत. ताटलीच्या भोकातून एक पोकळ बांबू निघे. त्याला कापड गुंडाळून, उडदाच्या पिठाचा लेप देऊन वरून दोरी आवळलेली असे. बांबूचे दुसरे टोक दुसऱ्या बंद हंड्यात जाई व हा हंडा वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेला असे. ओढ्याचे पाणी हेच येथे शीतक (वाफ थंड करून तिचे द्रवात रूपांतर करणारे साधन) होते.

दुसरा हंडा भरत आला की तो हलू लागे. तीच काम थांबविण्याची खूण. मग नळी कौशल्याने काढून घेऊन हंड्यातील द्रव तिसऱ्या भांड्यात ओतीत व ढवळीत. तेल वर तरंगू लागले की ते हळूहळू काढून घेत आणि उरलेले सुवासिक पाणी वाया न घालविता नव्या गवताबरोबर पुन्हा पहिल्या हंड्यात घालीत. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही शेवटची कृती महत्त्वाची आहे. जिरॅनिऑल पाण्यात अल्प प्रमाणात का होईना उतरते. ते पाणी फेकून दिले तर तेलातला सर्वांत सुगंधी अंश त्याबरोबर जातो. आधुनिक ऊर्ध्वपातनातही (उकळून झालेली वाफ थंड करून द्रव वेगळा काढण्याच्या क्रियेतही) हे पाणी परत फिरविण्याची पद्धत आहे.

१८७९–८० च्या हंगामात खानदेशात अशा १९७ भट्ट्या चालू होत्या व त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे ३,६०० किग्रॅ. तेल निघाले, यांतील शंभराहून अधिक भट्ट्या एकट्या नंदुरबार भागात होत्या. या आकड्यांचा अर्थ लावून पाहण्यासारखा आहे. एका भट्टीच्या वाट्याला साऱ्या हंगामात अठरा किग्रॅ.च्या आसपास तेल येते. ताज्या रोशात तेलाचे प्रमाण साधारणपणे शेकडा पाव ते अर्धा असते. त्या हिशेबाने एवढ्या तेलासाठी भिल्लांनी सातशे ते चौदाशे टन गवत डोंगरांवरून कापून, वाहून ओढ्यापर्यंत आणले असले पाहिजे. गवताची टंचाई नसती तर तेल हवे तेवढे निघाले असते, असे गॅझेटियर म्हणते. टंचाईचे एक कारण उघड आहे : तीच कुरणे गुरांनाही लागत. त्याच सुमारास, १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने, जंगलात उगवणारे गवतही ‘वनोपज’ या व्याख्येत आले आणि राखीव जंगलांपुरते तरी ते कापणे ही सरकारी परवानगीची बाब झाली. कापणाऱ्याचा जंगलावरील जुना वहिवाटीचा हक्क आणि भट्टीवाल्याचा कच्चा माल, दोन्हींवर आता वनखात्याची सत्ता चालू लागली.

तयार तेल चामडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादले जाई. एक वाट कुंडाईबारीच्या घाटाने सुरतेस जाई. दुसरी धुळ्यावरून मनमाडला. धुळ्याला त्या वेळी रेल्वे नव्हती. चाळीसगाव–धुळे फाटा व सुरतेहून नंदुरबारमार्गे जाणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे हे दोन्ही १९०० च्या सुमारास झाले. तोपर्यंत पश्चिम खानदेशाच्या मालाला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे एक सोयीचे स्थानक म्हणजे नाशिक जिल्ह्यातील मनमाड. तेथून बुधले नाशिकवरून व थळ घाटातून मुंबईस पोहोचत.

मुंबईत तेलात भेसळ होई. प्रथम भुईमूग, मोहरी, जवस यांची तेले मिसळीत. पण ही स्थिर तेले कागदावर न उडणारा डाग ठेवतात, त्यामुळे चोरी लवकर उघडकीस येई. नंतर टर्पेंटाइनचा आश्रय घेतला गेला. ते स्वतःच बाष्पनशील असल्याने डाग राहत नाही. यावर साधी कसोटी पुढे मिळाली. शुद्ध रोशा तेल सत्तर टक्के अल्कोहॉलाच्या दीड ते तीन पट आकारमानात स्वच्छ विरघळते. टर्पेंटाइन वा खनिज तेल मिसळलेले असल्यास मिश्रण गढूळ होते.

मुंबईतील ही भेसळ किरकोळ म्हणावी असा मोठा व्यवहार पुढे होता. मुंबईहून तेल तांबड्या समुद्रावरील बंदरांत जाई व तेथून अरब व्यापाऱ्यांमार्फत इस्तंबूलला (त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलला). तुर्की बाजारात त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. यातील पहिला शब्द एका सुवासिक गवताच्या ‘इझखिर’ या अरबी नावाचे अपभ्रष्ट रूप आहे. इस्तंबूलमध्ये ते लिंबाचा रस वा बाभळीच्या जातीचा डिंक घातलेल्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवीत. त्यामुळे त्याचा रंग फिका होई व वासातील गवताळपणा कमी होई. मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी कझानलिक भागात, जेथे गुलाबाचे अत्तर निघे, तेथे पोहोचे. एक किग्रॅ. अत्तरासाठी गुलाबाच्या तीन ते चार हजार किग्रॅ. पाकळ्या लागतात, त्यामुळे स्वस्त पूरक द्रव्याचा मोह मोठा होता. काही जण रोशा तेल तयार अत्तरात मिसळीत, तर काही जण ते भट्टीवर चढविण्यापूर्वीच पाकळ्यांवर शिंपडीत. शुद्ध अत्तर थंडीत गोठते आणि ग्राहक ती परीक्षा करीत असे. रोशाच्या मिश्रणाने गोठण्याचा गुण कमी झाला तर देवमाशाच्या डोक्यातील मेण (स्पर्मासेटी) घालून तो भरून काढीत. फ्ल्युकिगर व हॅन्‌बरी यांच्या ‘फार्माकोग्राफिया’ (१८७४) या ग्रंथात या व्यापाराची हकीगत दिलेली आहे.

या प्रवासात तेलाचे नाव बदलत गेले. यूरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ वा ‘भारतीय जिरॅनियम तेल’ म्हणून विकले जाऊ लागले. खरे जिरॅनियम तेल पेलार्गोनियम वंशातील झुडपांच्या पानांपासून निघते व ते अल्जीरिया, रियुन्यन येथून येई. दोन्हींचा वास गुलाबासारखा आणि दोन्हींचा उपयोग अत्तराच्या भेसळीसाठी, एवढ्या साम्यावर एका गवताच्या तेलाला फुलझाडाचे नाव चिकटले.

ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७१ मध्ये हेच ‘भारतीय जिरॅनियम तेल’ तपासावयास घेतले. त्या वेळी मुंबईमार्गे बाहेर जाणारे हे तेल मुख्यतः खानदेश व निमाड या भागांतून येत असे. त्यांना असे आढळले, की तेलातील प्रमुख घटक कॅल्शियम क्लोराइडाबरोबर स्फटिकरूप संयुग बनवितो. ते स्फटिक वेगळे करून त्यांवर पाणी घातले की घटक शुद्ध रूपात परत मिळतो. बाष्पनशील तेलांसारख्या गुंतागुंतीच्या मिश्रणातून एकच अल्कोहॉल निवडून काढण्याची ही युक्ती पुढे प्रयोगशाळेत दीर्घकाळ वापरली गेली. मिळालेल्या पदार्थाला याकोबसेन यांनी तेलाच्या बाजारनावावरून ‘जिरॅनिऑल’ हे नाव दिले. अशा रीतीने व्यापाऱ्यांनी चालविलेले नाव शास्त्राच्या कोशात कायमचे बसले. ते ‘रोहिषॉल’ झाले असते तर अधिक सत्य ठरले असते. परंतु रसायनशास्त्रात पहिल्या नावाला मिळणारा मान वनस्पतिशास्त्रातल्या इतकाच चिवट असतो.

यानंतरचा भाग जर्मन प्रयोगशाळांतला आहे. एफ्. डब्ल्यू. झेमलर यांनी १८९० च्या सुमारास जिरॅनिऑलाचे ऑक्सिडीकरण करून सिट्राल हे आल्डिहाइड मिळविले. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रालामुळे. म्हणजे घराच्या परसातील गवती चहा व डोंगरावरील रोशा ही दोन नात्यातली गवते एकाच रेणूच्या दोन अवस्था साठवितात. रेणूची संरचना झेमलर व फेर्डिनांट टीमान यांनी १८९५ पर्यंत ठरविली. टीमान व क्र्यूगर यांनी १८९३ मध्ये सिट्रालापासून आयोनोन हे व्हायोलेट फुलांच्या वासाचे द्रव्य तयार केले होते आणि सुगंधी द्रव्यांच्या संश्लेषणाचा (साध्या पदार्थांपासून कृत्रिम रीतीने बनविण्याचा) मोठा उद्योग त्यातून उभा राहिला.

गुलाबाच्या अत्तराविषयीचा वाद मात्र खानदेशाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १८९१ मध्ये एकार्ट यांनी गुलाबाच्या तेलातील मुख्य अल्कोहॉलाला ‘ऱ्होडिनॉल’ असे स्वतंत्र नाव दिले. बर्ट्राम व गिल्डमाइस्टर यांनी १८९४ मध्ये हे जिरॅनिऑलच असल्याचे सांगितले. त्यानंतर दोनच वर्षांत टीमान व श्मिट यांनी निर्णय लावला : गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल आहेच, पण त्याच्याबरोबर सिट्रोनेलॉल हे अगदी जवळचे अल्कोहॉलही आहे. म्हणजे कझानलिकचे भेसळ करणारे गुलाबात परकी वस्तू घालीत नव्हते. गुलाबाच्या सुवासाचाच एक मोठा अंश ते गवताच्या भावात विकत घेऊन गुलाबाच्या भावात विकत होते. फसवणूक तर होतीच, परंतु ती इतकी वर्षे का पचली, याचे उत्तर रेणूत सापडते. या नफ्यातला कोणता भाग भट्टीवाल्यांपर्यंत व गवत कापणाऱ्यांपर्यंत पोहोचला असेल, याची कल्पना एका भट्टीच्या अठरा किग्रॅ. तेलावरून करता येते.

विसाव्या शतकात जिरॅनिऑलाला इतर वाटा मिळाल्या. जावा येथील सिट्रोनेला गवताच्या तेलातून ते काढले जाऊ लागले आणि १९५० नंतरच्या दशकांत टर्पेंटाइनमधील पायनिनापासून कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनविले जाऊ लागले. ज्या टर्पेंटाइनने मुंबईत रोशा तेल पातळ केले जात होते, त्याच टर्पेंटाइनने शेवटी त्याची बाजारपेठ घेतली. तरी नैसर्गिक तेलाची मागणी संपलेली नाही. ‘पामारोझा’ या नावाने ते साबण, सुगंधी प्रसाधने व तंबाखू यांत वापरले जाते. जिरॅनिऑलाने काही व्यक्तींच्या त्वचेवर अधिहर्षता (ॲलर्जी) उद्भवते. म्हणून यूरोपीय संघाने २००३ च्या निर्देशानुसार ज्या २६ सुगंधी द्रव्यांचा प्रसाधनांच्या वेष्टनावर उल्लेख आवश्यक ठरविला, त्यांत त्याचा समावेश आहे. मधमाश्या एकमेकींना वाट दाखविण्यासाठी जो गंध सोडतात त्यातही ते असते, आणि मस्कत गटातील द्राक्षांचा विशिष्ट वास मुख्यतः जिरॅनिऑल, नेरॉल व लिनॅलूल या अल्कोहॉलांचा असतो. नाशिकच्या मळ्यांत मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी टॉमसन सीडलेस ही जात त्या गटातली नव्हे. तिला गोडी आहे, पण तो वास नाही.

रोशाची पद्धतशीर लागवड ही अलीकडची गोष्ट. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (स्थापना १९५९) निवड करून ‘तृष्णा’, ‘पीआरसी-१’, ‘वैष्णवी’ यांसारखे वाण प्रसृत केले असून त्यांच्या तेलात जिरॅनिऑलाचे प्रमाण जंगली गवताच्या मानाने अधिक व स्थिर असते. कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत हे पीक येते आणि एकदा लावले की काही वर्षे पुन्हापुन्हा कापता येते. ओढ्यातल्या हंड्याची जागा आता पोलादी ऊर्ध्वपातक व बाहेरून सोडलेली वाफ यांनी घेतली आहे. त्यामुळे गवत तळाशी जळून तेलाला धुराचा वास लागण्याचा दोष टळतो. तेल मुख्यतः फुलोऱ्यात असते, खोडात फारच थोडे. म्हणून कापणी गवत पूर्ण फुलावर आल्यापासून बी धरू लागेपर्यंत करावी, असा शास्त्रीय सल्ला आहे. पावसाळा सरताना, गवत पिकू लागले की खानदेशातील भट्टीवाले ते विकत घेत, तो काळ हाच.